शिदोरी आणि दोर



कामगार संघटनेच्या माणसाला व्यासपीठावर बोलावले की श्रोते मनाशी एक हिशेब करून येतात. हा गृहस्थ पगारवाढीवर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, शेवटी मूठ वळून घोषणा देईल आणि मग आपण घरी जाऊ. आज तसे होणार नाही. आजचा आमचा विषय डोंगराचा आहे. डोंगर चढताना माणसाने बरोबर काय घ्यावे, का घ्यावे, आणि ज्याला ते परवडत नाही त्याने काय करावे, या तीन प्रश्नांची उत्तरे आम्ही आमच्या परीने देणार आहोत. आम्ही नामांकित गिर्यारोहक नव्हे. सातवीनंतर आमची शाळा सुटली; पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. पण कामगारांच्या पोरांबरोबर या भागातले डोंगर आम्ही बरीच वर्षे चढत आलो आहोत, आणि जे पाहिले ते सांगितले पाहिजे असे वाटते.

हा विषय कामगारांचा नाही असे मात्र समजू नका. डोंगरावर जायला आधी सुटी लागते. ती सुटी आपल्याला कोणी दिली? ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि वर्षानुवर्षे झगडून 10 जून 1890 रोजी रविवारची सुटी मालकांकडून मान्य करून घेतली. आज रविवारी पहाटे कल्याण स्थानकावर कसाऱ्याच्या आणि कर्जतच्या गाड्यांना पाठीवर पिशव्या अडकवलेल्या पोरांची जी गर्दी दिसते, ती लोखंड्यांच्या रविवारावर उभी आहे. आठवड्यातला हा एक दिवस माणसाने माणसासारखे जगावे म्हणून मिळाला. त्या दिवशी माणूस घरी परतलाच नाही, तर त्या सुटीचा अर्थ काय राहिला?

आपल्या भागाला डोंगरांची ददात नाही. कल्याणच्या दक्षिणेला मलंगगड उभा आहे. आसनगावला उतरले की माहुली, पळसगड आणि भंडारगड यांची भिंत समोर येते. मुरबाडकडे वळले की गोरखगड आणि मच्छिंद्र, पुढे सिद्धगड, त्याच्याही पुढे नाणेघाट. ठाण्याला येऊर, मुंब्र्याला देवीचा डोंगर. यातल्या प्रत्येकाची जात वेगळी. माहुली घाम काढते आणि पाण्याची परीक्षा घेते. गोरखगडावर कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि पावठ्या आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळे धरते, आणि पाय सुटला तर खाली दरीच. मलंगगडाच्या बालेकिल्ल्याची वाट तुटलेली असल्याने तिथे दोरावाचून जाणे म्हणजे जिवाशी खेळ. 1780 मध्ये इंग्रजांच्या कॅप्टन अ‍ॅबिंग्टनने या गडाला वेढा घातला तेव्हा खालचा भाग त्याच्या हाती आला, पण वरचा बालेकिल्ला काही साधला नाही. तोफा असलेल्या फौजेला जो कडा अडवतो, तो चपला घातलेल्या पोराला सहज वर घेईल हे कोणी ठरवले?

आता पिशव्या उघडून पाहू. रविवारच्या गर्दीतल्या पाचजणांच्या पिशव्या उघडल्या तर बहुधा हे निघते: पाण्याची एक बाटली, वेफर्सची पाकिटे, एक टॉवेल, फोटोसाठी चांगला शर्ट आणि मोबाईल. विजेरी नाही, कारण मोबाईलमध्ये आहे. वाटेची माहिती नाही, कारण मोबाईलमध्ये आहे. घरी सांगितलेले नाही, कारण वेळ पडली तर मोबाईलवरून सांगता येईल. म्हणजे माणसाचा सारा जीव एका बॅटरीवर. आणि घळीत उतरले की रेंज जाते, दिवसभर फोटो काढले की बॅटरी जाते, नेमकी संध्याकाळ होते तेव्हा हातात एक काळी काच उरते.

सामानाचे आम्ही तीन थर मानतो. पहिला थर प्रत्येकाने, प्रत्येक डोंगरावर, अगदी येऊरलासुद्धा बरोबर घ्यायचा. त्यात पाणी पहिले. मार्च ते मे या महिन्यांत सह्याद्रीचा कातळ तव्यासारखा तापतो आणि गडावरची टाकी आटलेली असतात. माणशी तीन लिटरपेक्षा कमी पाणी घेऊन निघू नये, आणि नुसत्या पाण्यावरही राहू नये. घामावाटे मीठ जाते, म्हणून मीठ-साखरेची पुडी बरोबर हवी. दुसरी विजेरी, डोक्याला बांधायची असेल तर उत्तम, कारण उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. आणि तिचे जादा सेल. तिसरी शिट्टी. हाका मारून घसा बसतो, शिट्टीला घसा नसतो. मग तळाला खाचा असलेले बूट, थोडी जादा शिदोरी, जखमेची पट्टी, ऋतूप्रमाणे पावसाचा किंवा थंडीचा कपडा. शेवटची गोष्ट पिशवीत मावत नाही आणि तिला पैसाही पडत नाही: कुठे जातो, कोणाबरोबर जातो आणि केव्हा परतणार, हे घरच्या माणसाजवळ लिहून ठेवलेली चिठ्ठी.

या थरातले बहुतेक सामान आपल्या घरात आजच आहे. ते घेतले जात नाही याचे कारण गरिबी नव्हे. कारण असे की ते घेणाऱ्याला मित्र हसतात. "काय रे, हिमालयात निघालास का?" असे म्हटले की पोरगा विजेरी काढून ठेवतो. कारखान्यात डोळ्यांवर चष्मा लावणाऱ्या नव्या पोराला जुने कामगार असेच हसत असत. एकाचा डोळा गेला की मग हसणे थांबे.

दुसरा थर उघड्या कातळटप्प्यांचा आहे. जिथे पाय सुटला तर माणूस थांबत नाही, अशी जागा वाटेत असेल तर डोक्यावर हेल्मेट, कमरेला हार्नेस आणि वर बसून दोर धरणारा जाणकार माणूस, हे तिन्ही हवे. हेल्मेट पडण्यासाठीच असते हा गैरसमज आहे. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा. वरून बुलंद दिसणारा कडा जागोजागी सुटा झालेला असतो. पुढच्याच्या पायाने निघालेला मुठीएवढा धोंडा मागच्याच्या डोक्यात बसतो. घसाऱ्यावर तर हे हटकून होते. इमारतीच्या बांधकामाखालून जाताना टोपी घालणारा माणूस कड्याखालून मात्र केस विंचरत जातो.

तिसरा थर कडे आणि सुळके यांचा. माहुलीजवळचा वजीर सुळका घ्या किंवा हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घ्या. तिथले सामान आम्ही या सभेत शिकवणार नाही. ते हाताने, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकायचे असते. पण दोराबद्दल चार शब्द बोलतो, कारण दोर ही गोष्ट सर्वांना ओळखीची वाटते आणि घात तिथेच होतो.

मराठीत दोराला किती नावे आहेत पाहा. सुतळी, दावे, कासरा, नाडा, सोल, चऱ्हाट. आपले पूर्वज शहाणे होते. गाईचे दावे वेगळे, विहिरीचा नाडा वेगळा, कारण प्रत्येकाचे काम वेगळे. आजचा माणूस मात्र हार्डवेअरच्या दुकानातून निळी दोरी घेतो आणि तिच्यावर माणूस लोंबकळवतो. दुकानदार सांगतो, "ट्रक ओढते साहेब." ट्रक ओढत असेल. पण ओढणे वेगळे आणि पडणारा माणूस झेलणे वेगळे. बांधकामावर बिगारी वरून फेकलेली वीट कशी झेलतो ते आठवा. वीट हातात आली की तो हात खाली आणि मागे घेतो. हात ताठ ठेवला तर वीट तीच, वजन तेच, पण मनगट मोडेल. आरोहणाचा दोर हा हात मागे घेणारा दोर असतो. तो ताणला जातो, धक्का हळूहळू पोटात घेतो. न ताणला जाणारा दोर माणसाला थांबवतो खरा, पण त्या झटक्याने माणसाचा कणा तरी जातो किंवा वरची खुंटी तरी उपटते. उतरण्यासाठी आणि वजन ओढण्यासाठी कमी ताणाचा दोर असतो, पडणाऱ्याला झेलण्यासाठी जास्त ताणाचा. दोन्ही चांगले, पण एकाचे काम दुसऱ्याला सांगायचे नाही.

हे ज्ञान माणसाला फुकट मिळालेले नाही. 14 जुलै 1865 या दिवशी आल्प्स पर्वतातले मॅटरहॉर्न हे शिखर एडवर्ड व्हिंपर आणि त्याच्या सहा साथीदारांनी प्रथम सर केले. उतरताना हॅडो नावाचा एकोणीस वर्षांचा अननुभवी तरुण घसरला. त्याच्याबरोबर वाटाड्या क्रो, हडसन आणि लॉर्ड डग्लस ओढले गेले. वरच्या तिघांनी पाय रोवले, पण मधला दोर तुटला आणि चौघे खाली गेले. आता लक्ष देऊन ऐका. त्यांच्याजवळ चांगला दोर होता. एक नव्हे, दोन प्रकारचा चांगला दोर होता. तुटला तो तिसरा, जुना आणि सर्वांत कच्चा दोर. राखीव म्हणून आणलेला. चांगला दोर बरोबर असूनही त्या जागी कच्चा बांधला गेला. म्हणून आम्ही म्हणतो की सामान बरोबर असणे पुरेसे नाही. योग्य सामान योग्य जागी लागले पाहिजे.

आणि पुढचा भाग आमच्या व्यवसायाचा आहे. दोर तुटल्यावर चौकशी झाली. लोक कुजबुजू लागले की टाउगवाल्डर या वाटाड्याने जीव वाचवण्यासाठी दोर कापला. चौकशीत तो निर्दोष ठरला, पण संशयाने त्याची पाठ सोडली नाही. दोर तुटतो आणि बोट मजुराकडे दाखवले जाते! कारखान्यात आम्ही हे किती वेळा पाहिले. एका ठिकाणी प्रेस मशीनचे झाकण, माल लवकर निघावा म्हणून काढून ठेवले होते. पोराची बोटे गेली. अहवालात लिहिले, "कामगाराचा निष्काळजीपणा." झाकण कोणी काढले याबद्दल अहवाल मुका होता.

1948 च्या कारखाना कायद्याने एक मोठी गोष्ट केली. फिरत्या यंत्राला कुंपण घालणे ही जबाबदारी त्याने कारखाना चालवणाऱ्यावर टाकली. कामगाराने जपून वागावे हे खरेच, पण त्याआधी कुंपण हवे. डोंगरालाही हाच न्याय लावा. स्वतःच्या हौसेने एकटा जाणारा माणूस स्वतःला जबाबदार आहे. पण जो पैसे घेऊन चाळीस पोरांना गडावर नेतो, तो कारखाना चालवतो. दोर आहे का, हेल्मेट आहेत का, चाळीसजणांमागे जाणकार किती, अंधार पडला तर काय, हे विचारण्याचा हक्क पैसे भरणाऱ्याला आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि अशा आयोजकांच्या नोंदणीची व सुरक्षेच्या नियमांची व्यवस्था आखली. पण कायदा कागदावर असतो आणि कडा जागेवर असतो. डोंबिवलीकरांना हे वेगळे सांगायला नको. 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या दोन दिवशी औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटांनी नियम आणि अंमल यांच्यातले अंतर सर्वांना दाखवून दिले आहे. तेव्हा नोंदणी विचारा, सामान पाहा, आणि उत्तर देताना जो चिडेल त्याच्याबरोबर जाऊ नका.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला आक्षेप मोठ्या आवाजात येतो. "शिवरायांचे मावळे काय हार्नेस लावून कडे चढले?" प्रश्न ऐकला की टाळ्या पडतात. पण उत्तर ऐकून घ्या. मावळा त्याच डोंगराच्या कुशीत जन्मला होता. कोणती खोबण पक्की, कोणती वाट पावसात बंद, हे त्याच्या पायांना ठाऊक होते. आणि तो तिथे युद्धासाठी गेला होता, फोटोसाठी नव्हे. त्यानेही दोर नाकारला नाही. सिंहगडाची जी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, त्या गोष्टीतसुद्धा मावळे दोरावरूनच वर गेले. मावळ्यांचे नाव घेऊन दोर घरी ठेवणे म्हणजे त्यांच्या शौर्याचा मान नव्हे, त्यांच्या शहाणपणाचा अपमान आहे.

आणि दोरावर लोंबकळणारी आणखी एक फौज या डोंगरांनी पाहिली आहे, तिचे पोवाडे झाले नाहीत. बोर घाटाचा रेल्वेमार्ग 1856 ते 1863 या काळात खोदला गेला. एके काळी 40,000 हून अधिक मजूर त्या एका घाटावर राबत होते. जिथे उभे राहायला जागा नव्हती, तिथे माणसांना वरून दोराने सोडून कातळाला भोके पाडली गेली. कंत्राटदारांकडे मजुरी थकली म्हणून 1859 च्या जानेवारीत मजुरांनी दंगाही केला. हजारो माणसे त्या कामात पटकीने, तापाने आणि अपघाताने मेली. थळ घाटाचा मार्ग 1865 मध्ये सुरू झाला, त्याचीही कथा फार वेगळी नाही. आज आपण कसारा आणि कर्जतच्या पुढे खिडकीशी बसून दरी पाहतो, ती त्या दोरांवरून. त्यांना निवडीचा हक्क नव्हता. जो दोर दिला त्यावर लटकायचे, एवढेच. आपल्याला निवडीचा हक्क आहे. तो ज्यांना नव्हता, त्यांची आठवण ठेवून तरी तो वापरावा.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. ते म्हणतात, सामान आले की माणूस बेफिकीर होतो. खरे आहे. न शिकलेल्या माणसाच्या हातातला दोर हे ओझे आहे, कधी कधी फासही. नोव्हेंबर 2018 मध्ये कल्याण परिसरातला वीसेक जणांचा गट कोकणकडा दोराने उतरत असताना अंधार पडला आणि तो कड्यातच अडकला. रात्र तिथे काढावी लागली. दुसऱ्या दिवशी मंडळी सुखरूप बाहेर आली. तिथे दोर होते. पण कड्यावर दोराइतकीच वेळेची मोजणी लागते. एका माणसाला एक टप्पा उतरायला किती वेळ लागतो, त्याला माणसांनी आणि टप्प्यांनी गुणायचे, आणि सूर्य किती वाजता मावळतो ते पाहायचे. हे गणित चौथीच्या मुलाला येते, पण पहाटेच्या उत्साहात ते करायचे राहते. अशा वेळी कड्यावर रात्र निभावते ती पहिल्या थरातल्या सामानावर: पाणी, विजेरी, ऊबदार कपडा, शिदोरी.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पोरगा म्हणतो, "काका, माझ्या महिन्याच्या पगारात घरभाडे आणि आईचे औषध बसते. हार्नेस कुठून आणू?" त्याला "मग जाऊ नकोस" असे सांगणारा माणूस आमचा नव्हे. डोंगर श्रीमंतांच्या मालकीचा नाही. पण "तसाच जा" असे सांगणाराही आमचा नव्हे.

हा प्रश्न जगात सर्वांत उंच जागीही आहे. 18 एप्रिल 2014 रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात बर्फाचा कडा कोसळून सोळा नेपाळी कामगार ठार झाले. इतरांसाठी दोर आणि शिड्या बसवणारी, सामान वाहणारी ही माणसे. सरकारने प्रत्येक कुटुंबाला आधी 40,000 नेपाळी रुपये देऊ केले. तेव्हा शेर्पांनी वर जायचे नाकारले, विम्याची आणि भरपाईची मागणी केली आणि नेपाळच्या बाजूचा तो हंगाम जवळजवळ बंदच पडला. ज्या तेनसिंगने 1953 मध्ये हिमभेगेत कोसळणाऱ्या हिलरीला आपल्या दोरावर तोलून धरले, त्याच्या जातभाईंना आपल्या जिवाचा हिशेब मांडण्यासाठी एकत्र यावे लागले. एकेकट्याला जे मिळत नाही ते एकत्र आल्याने मिळते, हा आमचा जुना धडा. तो सामानालाही लागू आहे.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 मध्ये स्थापन झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. त्या काळी पुस्तक विकत घेणे सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते. म्हणून लोकांनी वाचणे सोडले नाही. त्यांनी वाचनालय काढले. आमच्यासारख्या सातवी शिकलेल्या माणसाला आज आपल्यासमोर उभे राहता येते ते त्या वाचनालयांमुळे. मग डोंगराच्या सामानाचे वाचनालय का असू नये? प्रत्येक मोठ्या संघटनेत, प्रत्येक वसाहतीत, व्यायामशाळेत एक कपाट असावे. त्यात दोन चांगले दोर, दहा हेल्मेट, दहा हार्नेस, कॅराबिनर, प्रथमोपचाराची पेटी. सारे प्रमाणित, पक्क्या पावतीचे. दहा-वीस जणांनी वर्गणी काढली तर एकाच्या खिशाला जे झेपत नाही ते सर्वांना झेपते. आपल्या भागातल्या गिर्यारोहण संस्थांतले अनुभवी लोक शिकवायला तयार असतात, त्यांना बोलवा.

मात्र पुस्तक आणि दोर यांत एक फरक आहे. फाटलेले पुस्तक पुन्हा शिवता येते, थकलेला दोर नव्हे. म्हणून त्या कपाटात एक वही हवी. दोर केव्हा घेतला, कोणी नेला, कुठे वापरला, त्यावर कोणी पडले का, हे प्रत्येक वेळी लिहायचे. परत आल्यावर सगळा दोर हाताखालून घालायचा. कुठे चपटा, कुठे मऊ, कुठे तंतू बाहेर आलेला लागला तर तो बाद. ऊन नायलॉनला खाते आणि आम्ल तर डोळ्यांना न दिसता खाते. बॅटरीशेजारी किंवा रसायनांच्या पिंपांजवळ दोर ठेवू नका. डोंबिवलीत आणि अंबरनाथमध्ये हे मुद्दाम सांगावे लागते. बाद दोराचे तिथल्या तिथे तुकडे करा. नाही तर मॅटरहॉर्नवरच्या त्या तिसऱ्या दोरासारखा तो राखीव म्हणून पडून राहतो आणि एक दिवस कोणाच्या तरी कमरेला बांधला जातो.

आमचे म्हणणे एवढेच. धाडस हवे. ज्या समाजातली पोरे डोंगर चढत नाहीत तो समाज म्हातारा झाला असे समजावे. पण धाडस म्हणजे जीव स्वस्त करणे नव्हे. कामगाराचा जीव स्वस्त आहे असे मानणाऱ्यांशी आम्ही आयुष्यभर भांडत आलो. रविवारी त्याने स्वतःच तो स्वस्त करावा, हे आम्हाला कसे मान्य होईल? ज्याला वर्गणीच्या कपाटाची कल्पना पटली असेल त्याने सभा संपल्यावर थांबावे. वही आम्ही आणलेली आहे. पहिल्या पानावर नावे लिहू, आणि दोर आला की दुसऱ्या पानावर त्याचे.